शिडीवाल्यांच्या धाकट्याचं मृत्युपत्र, पाण्यात उतरण्याआधी

मी, शिडीवाल्यांचा धाकटा, वय चोवीस, सध्याचा धंदा भिंती रंगवणे, आधीचे धंदे पुष्कळ, मुक्काम बेकरीवरच्या प्रार्थनेच्या खोलीमागची खोली, घरात हाक मारायचं नाव भिंगरी, आज शुक्रवारी दुपारी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. अंगात ताप नाही, पोटात चहा आणि दोन पाव आहेत, आणि माझ्यावर कुणी जबरदस्ती करत नाही. समोर सुईणबाई बसल्या आहेत खऱ्या, पण त्या वाटाणे सोलताहेत आणि मधूनमधून एवढंच म्हणताहेत, "लिही, लिही. खिडकीबाहेर काय बघतोस?"

वाचणाऱ्याने घाबरू नये. मी आजारी नाही. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता माझा बाप्तिस्मा आहे, आणि या मंडळीत रीत अशी की ज्याचा बाप्तिस्मा व्हायचा त्याने आधी आपल्यातल्या जुन्या माणसाचं मृत्युपत्र लिहायचं. दोघांनी ते वाचून साक्षीच्या सह्या करायच्या, मगच हौदात उतरायचं. आमचे पाळक आठवडाभर नळ जोडतात आणि रविवारी उपदेश करतात, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात दोन्ही धंदे येतात. ते म्हणतात, "बाप्तिस्मा म्हणजे अंघोळ नव्हे. अंघोळीला जो आत जातो तोच बाहेर येतो. इथे आत जाणारा ख्रिस्ताबरोबर पुरला जातो आणि वर येतो तो त्याच्याबरोबर उठलेला नवा माणूस. मग जाणाऱ्याने मागचं निस्तरून नको का जायला?"

हौद बेकरीच्या मागच्या अंगणात आहे, छातीइतका खोल. पाळकांनी सकाळीच त्यात रबरी नळी सोडली आहे. नळाला जोर नाही, त्यामुळे भरायला उद्याची संध्याकाळ होईल. मी वर लिहितोय आणि खाली पाणी पडल्याचा आवाज येतोय.

कायद्यापुढे हा कागद किती टिकेल, मला माहीत नाही. बेकरीवाल्याने त्याच्या वेळी आपल्या सगळ्या शिव्या भट्टीला देऊन टाकल्या होत्या, आणि सुईणबाई सांगतात की भट्टी अजून अधूनमधून एखादी त्याला परत करते. तरी त्याचा कागद पत्र्याच्या पेटीत इतरांच्या कागदांबरोबर जपून ठेवलेला आहे. माझाही तिथेच ठेवावा. मी आधी कुठे काही लिहून दिलं असेल, कबूल केलं असेल, तर ते रद्द समजावं. एका सर्कसवाल्याला मी दोन वर्षं थांबेन असं लिहून दिलं होतं, तेही रद्द. तिथे मी अकरा दिवस होतो.

कलम एक. घर आणि जमीन. नाही. बाबांनी त्यांच्या मृत्युपत्रात शिड्यांचा कारखाना पूर्ण दादाच्या नावावर केला. कारखाना म्हणजे पत्र्याखालच्या तीन खोल्या, एकीत लाकूड, एकीत काम, एकीत संसार. त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं की धाकटा एका जागी टिकणारा नाही, त्याला वाटा दिला तर वाट्याचे हाल होतील. मला त्यांनी गिरमिट दिलं, म्हणजे लाकडाला भोक पाडायचं, हाताने फिरवायचं अवजार, कारण ते पिशवीत मावतं. बाबा माणूस ओळखून होते. मला त्याचा राग आला होता असं मी पुष्कळांना सांगितलंय. खरं म्हणजे मला हायसं वाटलं होतं.

हे गिरमिट मी पाळकांना देतो. भिंतीत खुंट्या ठोकायला त्यांना उपयोगी पडेल. टोक बोथट झालंय, कारण पाच वर्षं मी त्याने फक्त डबे उघडले.

कलम दोन. इतर सामान. घोंगडी आहे, ती जिन्याखाली झोपणाऱ्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला. तोंडाने वाजवायचा बाजा आहे, तो बेकरीवाल्याला, कारण माझ्याकडून त्याचं एकच गाणं ऐकून तो कंटाळलाय आणि आता त्याने स्वतः दुसरं शिकावं. बूट कुणाला देत नाही. ते पुढेही लागतील, आणि पाण्यातून वर येणाऱ्याचे पाय याच मापाचे असणार.

ब्रश आणि रंगाचे डबे मंडळीला. त्यांच्याबरोबर अर्धी राहिलेली भिंतही. आता ते सांगायला हवं.

तीन महिन्यांपूर्वी मी या गावात उतरलो ते चुकून. बस बदलायची होती, पण बेकरीचा वास आला आणि मी वासामागे गेलो. बेकरीवाला म्हणाला, वरची खोली रंगवायची आहे, रंगवतोस का? मी हो म्हणालो. मी सगळ्यालाच हो म्हणतो. रंग चांगला लावत होतो, पण शिडीच्या सहाव्या पायरीपर्यंतच. त्याच्यावर हात जाईल तिथवर भिंत पिवळी, त्याच्यावर जुनी, कळकट. कुणी विचारलं की म्हणायचो, वरचा भाग शेवटी एकदम करू.

बुधवारी संध्याकाळी त्याच खोलीत शिडीखाली प्रार्थना चालायची आणि मी शिडीवरून ऐकायचो. एकदा पाळक सांगत होते की देवाचं राज्य बघायचं तर माणसाला नव्याने जन्मावं लागतं, दुसरा रस्ता नाही. मी सहाव्या पायरीवरून म्हटलं, "अहो, पण त्याला आई लागेल, आणि माझी तर गेली." सगळे हसले. पाळकही हसले. मग म्हणाले, "कुठलं बाळ स्वतःला जन्माला घालतं रे? ते काम देवाच्या आत्म्याचं. तुझ्याकडे काम एकच. आत अडकून बसायचं नाही."

मी ब्रश धुतला, पण त्या दिवशी पिशवी भरली नाही. एरवी एखाद्या ठिकाणी कुणी माझ्याकडे नीट बघून बोललं की दुसऱ्या दिवशी मी पुढच्या गावी असतो. इथे राहिलो. पुढच्या बुधवारी शिडीवरून उतरून बाकावर बसलो. सुईणबाई शेजारी सरकल्या आणि म्हणाल्या, "आलास? बरं झालं, मान अवघडली होती माझी वर बघून."

येशू माझ्यासाठी मेला आणि उठला, हे मी आधीही ऐकलं होतं. पुष्कळ ठिकाणी ऐकलं होतं, स्टेशनवर ऐकलं होतं. पण माझ्यासाठी म्हणजे या माझ्यासाठी, अकरा दिवसांत सर्कस सोडणाऱ्या, दादाला तसं सोडून येणाऱ्या माझ्यासाठी, हे मला इथे या बाकावर कळलं. कसं कळलं ते मला लिहिता येत नाही. सकाळी डोळे उघडले की उजाडलेलं असतं, कुणी उजाडवलं ते आपण बघितलेलं नसतं, तसं काहीतरी.

कलम तीन. शिल्लक. बिस्किटांच्या डब्यात आहे, मोजलेली नाही. मंडळीच्या दानपेटीत टाकावी.

कलम चार. निघून जायची सवय. ही माझी सगळ्यांत जुनी मालमत्ता आहे. ही कुणालाही देऊ नये, कुणी मागितली तरी. विशेषतः वहिनीच्या मोठ्या मुलाला देऊ नये, तो पाचव्या वर्षीच फाटकाच्या बाहेर उभा राहून रस्त्याकडे बघायचा.

कलम पाच. राग. शाळेतल्या गणिताच्या मास्तरांवरचा राग, त्यांनी मला पूर्ण एक पावसाळा दाराबाहेर उभं केलं होतं. तो मी सोडतो. तिथे उभं राहूनच मी रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांचे आवाज ओळखायला शिकलो. एका ट्रकवाल्यावरचा राग, त्याने मला समुद्र दाखवतो म्हणून नेलं आणि सिमेंटच्या गोदामापाशी उतरवून दिलं. तोही सोडतो. वहिनीवरचा राग, तिने माझं नाव भिंगरी ठेवलं आणि ते गावभर झालं. हा सोडायला वेळ लागला, कारण नाव बरोबर होतं. एकूण राग तीन. सगळे रद्दबातल. ते कुणाकडे वारशाने जाऊ नयेत.

सुईणबाई म्हणाल्या, "चौथा राग राहिला."

"कुणावरचा?"

"तुझा तुझ्यावरचा. जो तुला शिडीवर चढू देत नाही."

म्हणून पुढचं कलम.

कलम सहा. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, खरं काय घडलं ते मी देतो. त्याचं ते तीन वर्षं माझ्याकडे राहिलंय.

आमच्याकडे शिडी अशी करतात. दोन उभे दांडे, त्यांना भोकं, भोकांत पायऱ्या, पायऱ्यांना पाचरी. पायरीच्या लाकडात गाठ चालत नाही, गाठीपाशी लाकूड मोडतं. शिडी पूर्ण झाली की दादा खालच्या पायरीपासून सुरुवात करतो. प्रत्येक पायरीवर मधोमध दोन्ही पाय ठेवून उभा राहतो आणि दहापर्यंत मोजतो. सगळ्या पायऱ्या झाल्या की खालच्या पायरीच्या पोटाला तापलेल्या सळईने दोन आडव्या रेघा उठवतो. त्या रेघा असल्या की रंगारी, वायरमन, छपरावर चढणारे, कुणी पुन्हा तपासत नाही. दोन रेघा म्हणजे दादा तिच्यावर उभा राहिलाय.

त्या दिवशी दादाला ताप होता. तीन शिड्या होत्या. दोन शिड्यांवर तो कसाबसा उभा राहिला आणि तिसरी मला सांगून आडवा झाला. "प्रत्येकीवर दहा. घाई करू नको." बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, तोच तो, समुद्रवाला. मी चार पायऱ्यांवर उभा राहिलो. मग सळई उचलली आणि दोन रेघा उठवल्या, दादाच्या, आणि गेलो.

मी आठ दिवसांनी परत आलो तेव्हा दादा पलंगावर होता, पाय लाकडी पट्ट्यांत बांधलेला. तिसरी शिडी कुणी न्यायला आलं नव्हतं. छपराचा पत्रा उडाला म्हणून तीच शिडी लावून तो चढला होता आणि सातवी पायरी गाठीपाशी मोडली. मी दारात उभा होतो आणि तो शेजारच्या सुताराला सांगत होता, "खूण माझीच आहे. तापात मी उभा राहिलो असेन आणि गाठ दिसली नसेल. माझाच हात चुकला."

तिसरी शिडी मला सांगितली होती हे तापानंतर त्याला आठवतच नव्हतं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी त्याला पाणी दिलं. महिनाभर त्याला पाणी दिलं, औषध दिलं, कूस बदलायला मदत केली, सगळं दिलं. मग एका सकाळी पिशवी घेऊन निघालो.

वहिनीने एका पत्रात लिहिलं होतं की दादा आता शिडीवर उभा राहत नाही. पाय दुखतो म्हणून नव्हे. म्हणतो, माझ्या उभं राहण्यावर आता कुणी भरवसा ठेवू नये. शेजारचा सुतार येऊन उभा राहतो आणि दादा खाली बसून बघतो.

तर दादा, सातवीवर तू उभाच राहिला नव्हतास. मीही नव्हतो. रेघा मी उठवल्या. तुझा हात चुकला नाही. या कलमाची नक्कल रविवारनंतर पाळकांनी दादाला टपालाने पाठवावी.

इथवर लिहून मी कागद सुईणबाईंपुढे सरकवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं, चष्मा काढला आणि शेंगांची सालं गोळा करायला लागल्या.

"सही?" मी विचारलं.

"मी नाही करत."

"यात खोटं काही नाही, बाई."

"खोटं नाही. पण तुझा भाऊ जिवंत आहे, तू जिवंत आहेस, बस रोज सुटते. मग मेलेल्या माणसाकडून टपाल कशाला?"

मी म्हटलं, मी देवाला सगळं द्यायला तयार आहे. लांब कुठेही पाठव म्हणालोय, पायी जाईन, उपाशी राहीन, तुरुंगात जाऊन गाणी म्हणेन.

"तेच सांगतेय. तू देवाला सगळं देतोस, फक्त त्याने मागितलेलं सोडून."

"त्याने हेच मागितलंय हे तुम्हाला काय ठाऊक?"

"मला नाही. तुला आहे." त्या सालं टोपलीत टाकत होत्या. "चाळीस वर्षं बाळंतपणं केली मी. एकही बाळ हातात बोचकं घेऊन बाहेर आलं नाही. तू म्हणतोस, मी जन्मतो, पण हे एवढं ओझं तुम्ही दुसरीकडे पोचतं करा."

तोवर पाळक ओल्या पायांनी वर आले होते. मला वाटलं ते माझी बाजू घेतील. ते कागद वाचून खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "मला गिऱ्हाईक बोलावतं, स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणून. मी जातो आणि त्याचं अंगण झाडतो, गच्ची धुतो, कपडे वाळत घालतो. दमून घरी येतो. नळ गळतोच आहे. ते गिऱ्हाईक मला आज्ञाधारक म्हणेल का?"

"नाही."

"काय म्हणेल?"

"येडा म्हणेल."

"रविवारी दहाला हौद भरलेला असेल. तू असलास तर आम्हाला आनंद. नसलास तर का नाहीस ते आम्हाला माहीत असेल, तोही आनंदच."

मी विचारलं, देव त्याशिवाय मला घेणार नाही का. पाळक म्हणाले, "घेतलंय त्याने. घेतलंय म्हणून सांगतोय. रस्त्यावरच्या परक्या पोराला कुणी आपल्या घरातलं काम सांगतं का?"

यापुढचं मी दादाच्या कारखान्यात लिहितोय. आज सोमवार. कागद तोच, शाई वेगळी आहे, वहिनीच्या मुलाची.

शनिवारी सकाळच्या बसने निघालो. सहा तास. मध्ये जिथे बस बदलते तिथे बंदराकडे जाणारी गाडी उभी होती, अर्धी रिकामी, खिडकीची जागा मोकळी. मी तिच्या पायरीवर एक पाय ठेवला होता हे मी लपवत नाही. मोठ्याने प्रार्थना केली, "प्रभू, माझे पाय धर." शेजारच्या बाईने आपली पिशवी जवळ ओढून घेतली. मी पाय काढला.

वहिनी दारात फरशी पुसत होती. मला बघून तिने फडकं पिळलं. "आली का भिंगरी? पाय पूस आधी. आणि माझ्या पत्राला उत्तर द्यायला तुझे हात मोडले होते का रे?" मग तिने माझा कान धरला, जसा पूर्वी धरायची, आणि बराच वेळ सोडला नाही.

दादा कामाच्या खोलीत रंधा मारत होता. केस पिकलेत. शेजारचा सुतार एका नव्या शिडीवर उभा राहून दहापर्यंत मोजत होता. दादा म्हणाला, "जेवलास का?"

मी म्हटलं, आधी एक सांगायचंय. सुतार उतरून बाहेर गेला. मी उभ्यानेच सांगितलं, पाठ केल्यासारखं. बसमध्ये पाठच केलं होतं.

दादाने रंधा थांबवला.

"किती पायऱ्यांवर उभा राहिलास?"

"चार."

"पाचवीवर का नाही?"

"हॉर्न वाजला."

त्याने रंधा उलटा केला आणि त्यात अडकलेला भुसा टिचकीने पाडला. "तीन वर्षं," तो म्हणाला. मग म्हणाला, "बाहेर जा माझ्यासमोरून."

मी मागच्या दारी जाऊन बसलो. वहिनी ताट घेऊन आली आणि माझ्याशेजारी बसली. "मी त्यांना तेव्हाच म्हणाले होते, अहो, तुम्ही तापात उठलाच नव्हता तिसऱ्यांदा. ऐकतील तर ना. बायकोचं खरं मानण्यापेक्षा स्वतःचं चुकलं म्हणणं सोपं." तिने ताट पुढे ढकललं. "तुझी चूक मोठी आहे. जेव."

रविवार उजाडला. दादा बोलला नाही. त्याने चहा माझ्यापुढे ठेवला, पण बोलला नाही. नऊ वाजले. मी झाडू घेऊन भुसा गोळा करत होतो. दहा वाजले. तिकडे मंडळी हौदाभोवती उभी राहिली असेल, आणि मी इथे झाडत होतो. मला फार वाईट वाटलं, आणि एक विचित्र गोष्ट म्हणजे त्या वाईट वाटण्याच्या आत कुठेही पळून जावंसं वाटत नव्हतं. असं मला आयुष्यात कधी झालं नव्हतं. मी दोनदा तपासून बघितलं.

सव्वादहाला दादा म्हणाला, "तुझं आज तिकडे काहीतरी होतं ना? हिला सांगत होतास."

"होतं."

"मग गेला का नाहीस?"

"तू अजून काही बोलला नाहीस."

"आणि नसतोच बोललो तर?"

"तर उद्याही झाडलं असतं."

तो काठी टेकत आला आणि ओंडक्यावर बसला. "माफ केलं असं मी आत्ता म्हटलं तर ते खोटं होईल."

"नको म्हणूस."

"पण तू आलास. पत्र आलं असतं तर मी ते फाडलं असतं, आणि मग मला दोघांचाही भरवसा उरला नसता, तुझाही आणि माझाही." तो आपल्या हातांकडे बघत होता, उलटसुलट करून. "चुकला नव्हता म्हणजे."

"नव्हता चुकला."

दुपारी सुतार आला तेव्हा दादा त्याला म्हणाला, "आज राहू दे." नवी शिडी भिंतीला लावली आणि मला म्हणाला, "खाली धर." मी शिडीचे दोन्ही पाय माझ्या पायांनी अडवले आणि दांडे घट्ट धरले. वहिनी स्वयंपाकघरातून पळी हातात घेऊनच आली आणि म्हणाली, "पडलात तर मी दोघांनाही बडवीन, सांगून ठेवते."

दादा चढला. दुखरा पाय आधी, मग दुसरा. दोन्ही पाय मधोमध, एक, दोन, तीन, दहापर्यंत. पहिली. दुसरी. तिसरी. चौथीवर त्याचा पाय लटपटला, ती थरथर दांड्यांतून माझ्या हातांपर्यंत आली. मी प्रार्थना करत होतो, शब्द एकच होता, प्रभू, प्रभू. पाचवी. सहावी. सातवीवर तो विसापर्यंत मोजत राहिला. मी वर बघितलं नाही. वहिनीकडे बघितलं तर ती पळीने डोळे पुसायला निघाली होती.

खाली उतरल्यावर तो म्हणाला, "हलली नाही." सुतार म्हणाला, "तुम्ही की शिडी?" दादा म्हणाला, "दोघंही."

संध्याकाळी पाळकांचा फोन आला. हौद रिकामा केलेला नाही. बेकरीवाल्याने त्याच्यावर पत्र्याचं झाकण घातलंय, वर पिठाची पोती ठेवलीत. येत्या रविवारी दहा वाजता. मागून सुईणबाई मोठ्याने काहीतरी म्हणत होत्या. पाळक म्हणाले, "त्या विचारताहेत, कळा कधी सुरू झाल्या?" मी म्हटलं, शनिवारी, बस बदलताना. पाळकांनी तसं तिकडे सांगितलं आणि तिकडून हसणं ऐकू आलं.

कलम सात. वारस. माझा वारस एकच, तो अजून जन्मायचा आहे, किंवा जन्मतोय. दिसायला माझ्यासारखाच असेल. त्याला मी माझे दोन हात देतो, भावाच्या शिडीला धरलेले. पुढचं देव देईल. आणि एक सूचना: बापाने हाक मारली की बापाकडेच जा, वाटेत दुसरं काम शोधू नकोस. तुला तशी खोड लागण्याचा संभव आहे, घराण्यातून. वरची भिंत तू पूर्ण कर. पायऱ्या बारा आहेत.

आज सकाळी दादाने हा कागद माझ्याकडून मागून घेतला आणि उजेडात धरून सगळा वाचला. सर्कशीपाशी हसला. मग म्हणाला, "साक्षीदार किती लागतात?"

"दोन. एक सुईणबाई, त्या रविवारी करतील. दुसऱ्याची जागा मोकळी आहे."

"मी करतो." त्याने पेनाचं टोपण काढलं आणि थांबला. "नाही. मला नाही करता येणार. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्ष करायची नसते. बाबांच्या वेळी वकिलांनी मला याचसाठी बाहेर बसवलं होतं."

"मग बेकरीवाल्याला सांगतो."

"त्याला बाजा देतोयस." त्याने सहाव्या कलमावर बोट ठेवलं. "हे काढ. मेल्यावर देणार होतास ते तू शनिवारी दिलंस, उभ्याने, माझ्या तोंडावर. मग आता यात ठेवतोस कशाला?"

म्हणून मी, शिडीवाल्यांचा धाकटा, शुद्धीत राहून, स्वखुशीने, कलम सहा या कागदावरून रद्द करतो. वाचता येईल एवढ्या बारीक रेघेने खोडलं आहे. दादाला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

या कागदाची अंमलबजावणी पाळकांनी करावी. जुन्या माणसाबद्दल फार शोक करू नये. त्याच्या हातून जे चांगलं झालं असेल ते देवाचं, बाकीचं पाण्याखाली.

लिहून देणार: शिडीवाल्यांचा धाकटा, उर्फ भिंगरी. सही केली आहे.

साक्षीदार पहिला: थोरला भाऊ, धंदा शिड्या करणे. हा कागद लिहिणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीवर होता. मला या कागदातून काही मिळालेलं नाही. जे माझं होतं ते त्याने जिवंतपणी माझ्या हातात दिलं. माफीचं अजून चाललं आहे. शनिवारी मी बसने त्याच्याबरोबर जाणार आहे, रविवारी हौदाच्या काठाशी कुणीतरी त्याला धरायला हवं. सही केली आहे.

साक्षीदार दुसरी: जागा सुईणबाईंसाठी सोडली आहे.

ठिकाण: दादाच्या कारखान्याचं मागचं दार. सोमवार, सकाळचे अकरा.